पेशंटबरोबरचा

नळाला पाणी पाच दहाला येतं.
त्याआधी तिची कूस बदलायची,
गुडघ्यांमध्ये चादरीची घडी, लुळ्या हाताखाली उशी.
फिजिओथेरपीच्या पोरीनं एवढं शिकवलं,
बाकीचं मी लेथवर शिकलो होतो :
जड जॉब एकदम उचलायचा नसतो,
तोल कुठं आहे ते आधी हाताला विचारायचं.

उद्यमनगरात एकतीस वर्षं बुश काढले.
दोन शतांश जास्त गेलं तर माल परत.
आता तिच्या पाठीवरची लाल जागा मोजतो.
परवा दोन रुपयांच्या नाण्याएवढी होती,
आज रुपयाएवढी.
चारचौघांत सांगावा असा आनंद नाही हा.
आनंद आहे, पण.

वेणी मात्र जमत नाही.
दोन पदर हातात राहतात, तिसरा सुटतो,
आणि ती डाव्या बाजूनं हसते,
तेवढीच बाजू हसते.

गल्लीत मला देवमाणूस म्हणतात.
चाकणचा पोरगा रविवारी फोन करतो,
आईची तब्येत विचारतो,
मी सांगतो, बरी आहे.
मग दोघंही पगाराचं, पावसाचं बोलतो.

देवमाणसाचं एक सांगतो.
रात्री तीनला ती हाक मारते
तेव्हा मी ऐकूच न आल्यासारखा पडून राहतो.
मनात मोजतो. चाळीसपर्यंत.
मग उठतो.
एकदा दोनशेपर्यंत गेलो होतो,
आणि उठलो तेव्हा अंथरूण ओलं होतं,
आणि मी चादर अशी ओढली
की तिनं डोळे मिटून घेतले.

तिच्या गोळ्यांना डबा आहे, वारांच्या नावांचा, सात कप्प्यांचा.
माझी साखरेची गोळी शर्टाच्या खिशात.
कधी आठवते,
कधी शर्टाबरोबर धुऊन निघते.

त्या दिवशी फुलेवाडीच्या दवाखान्यात
तिच्या लघवीच्या नळीचं विचारायला गेलो.
खिडकीत मुजावर सिस्टर.
पेशंटचं नाव?
शालन कृष्णात लोहार.
वय?
अठ्ठावन्न.
काय होतंय?
मी एका दमात सगळं सांगितलं,
कधी झटका आला, कुठली बाजू, किती एमजी, जेवण किती.
तिनं पेन खाली ठेवलं.
‘काका, पेशंट कुठाय?’
घरी.
‘मग हे लंगडतंय कोण?’

बुटातून मोजा निघेना.
अंगठ्याजवळ महिनाभर काहीतरी ओलं होतं,
मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं,
रोज दुसऱ्याचं अंग इंचाइंचानं बघणारा मी.
मग तिनं दंडाला पट्टा बांधला,
फुगा दाबत गेली,
हात आवळत गेला, अजून, अजून.
दोन वर्षांत मला इतकं घट्ट
कुणी धरलं नव्हतं.
डोळ्यांत पाणी आलं तर म्हणाली, ‘दुखतंय का ओ?’
मी हो म्हटलं.
ते सोपं होतं.

नवा केसपेपर. वरती माझं नाव.
अक्षर ओळखीचं, नाव परक्याचं वाटलं.
एकशे ऐंशी, खाली एकशे दहा.
एक दिवसाआड ड्रेसिंग. उपाशीपोटी रक्त.
‘आणि तासभर कुणीतरी बसवा त्यांच्यापाशी.’
कुणाला, हे औषधांच्या चिठ्ठीवर लिहीत नाहीत.
समोरच्या चौगुलेंना विचारायला हवं होतं.
त्यांच्या दारापर्यंत गेलो,
चपला किती आहेत ते बघितलं,
परत आलो.

‘कु...ठं?’ शालननं विचारलं.
दवाखान्यात.
‘को...ण?’
मी.
तिनं डाव्या हातानं पलंगाची कड थोपटली.
पाय वर ठेवला. पांढऱ्या पट्टीकडे ती बघत राहिली,
आमटी गॅसवर लागेपर्यंत.

त्या रात्री तीन वाजले. हाक आली नाही.
मी जागाच होतो, सवयीनं मोजत होतो.
चाळीस झाले. सत्तर झाले.
शेवटी मीच विचारलं,
शाले, काय पाहिजे का?

अंधारातून अर्ध्या तोंडाचा आवाज आला :
‘मो...ज तू.’