चार मिनिटं बारा सेकंद

माझा धंदा काय, हे दांडिया बाजारात
अजून कुणाला नीट कळलेलं नाही.
मास्तरीण? नाही. व्हिडिओवाली? तेही नाही.
ह्याच शहरातून एकेकाळी पुस्तकांच्या लाकडी पेट्या
खेडोपाडी जायच्या. कुणीतरी बसून ठरवत असेल
वर काय ठेवायचं, तळाशी काय,
झाकण उघडल्यावर आधी कशावर नजर पडावी.
ते. तेच करते मी, अलकापुरीत, तिसऱ्या मजल्यावर.
फक्त पेटी दिसत नाही,
आणि उघडणाराही.

दिसतो तो आलेख.
सौर पंप दुरुस्ती, धडा सहावा.
रेघ सरळ चालत येते आणि चार मिनिटं बारा सेकंदांवर
विहिरीत पडल्यासारखी खाली.
एकतीस जण तिथेच सोडून जातात.
मी आवाज बदलला. मागचा रंग निळा केला.
मल्टिमीटरवरचे आकडे मोठे केले,
एक विनोदही घातला, बरा नव्हता.
रेघ पडतच राहिली.

जिग्नेशभाई म्हणाले, सोडा ना बेन,
नवं मशीन जेवायच्या आत चाळीस धडे काढतं,
एकातही खड्डा नाही.
पाहिले मी. खरंच नाही.
एक्स्प्रेसवेसारखे गुळगुळीत,
डोळा लागेल असे.

मग वैतागून एक दिवस फोनच लावला.
यादीतलं पहिलं नाव: कोकिळा राठवा, कवांट.
मागे बकरी ओरडत होती.
म्हटलं, सहाव्या धड्यात मध्येच का थांबता?
ती म्हणाली, मृण्मयीबेन, तुम्हीच तर सांगता तिथे,
आता तुमचा पंप बघा.
म्हणून उठते. पंप टेकडीपलीकडे.
स्क्रू गंजलेला, तो निघेपर्यंत ऊन डोक्यावर.
परत येते तर फोन झोपलेला,
आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.
पंप? तो चालू झाला की. मागच्या मंगळवारी.

फोन ठेवून मी बराच वेळ
त्या विहिरीत वाकून बघत बसले.
एकतीस माणसं.
सगळीच नसतील, कुणी कंटाळलं असेल,
कुणाचा रिचार्ज संपला असेल.
पण काहीजण तरी हातात पान्हा घेऊन
उन्हात निघून गेलेली,
आणि मी त्यांच्या नावापुढे लिहीत होते: गळती.

मशीनचे चाळीस धडे राहू देत, छान आहेत.
मी सहाव्यात एक जागा मोकळी ठेवली आहे.
काळा पडदा. आवाज नाही. घड्याळ थांबलेलं,
परतणाऱ्याला तिथूनच उचलून घेईल असं.
बटणावर 'पुढे' लिहिणार होते.
पण उंबऱ्यावरून निघताना आपण 'जाते' कुठे म्हणतो?
येते म्हणतो. इथले लोकही निरोप देताना
आवजो म्हणतात.
तेवढंच लिहिलं.

काल जिग्नेशभाई विचारत होते,
सहाव्या धड्यात पडदा काळा का पडतो, काही बिघडलंय?
म्हटलं, नाही.
पंप बघायला गेलेत.