उत्तर पश्चिमेला आहे

अकाकी नदीच्या घळीत, मिरोफोराच्या खुराड्यामागे
लाव्हाच्या उशा रचून ठेवल्यात.
समुद्राच्या तळाशी ओतल्या गेल्या, पाण्याने चटका दिला,
एकीच्या पोटाशी दुसरी निजली, तशीच थिजली.
ड्रिल लावलं की घळ कण्हते
आणि कोंबड्या अंडी देत नाहीत.
तीन दिवसांची अंडी मिरोफोराने आमच्या नावावर मांडलीत.

अंगठ्याएवढा दगड निघतो.
उपटण्याआधी त्यावर बाण काढायचा,
या धंद्यातला पहिला धडा तो, आणि शेवटचाही.
होकायंत्र इथे भरवशाचं नाही, खडकच त्याला फितवतात.
म्हणून सेविलाय सूर्याची सावली धरते,
मी घड्याळ वाचते: नऊ बेचाळीस.
पितळी तारेचा ओरखडा. नंबर. पिशवी.

सेविलाय रोज तिकडून येते, चौकीवर ओळखपत्र दाखवून.
मिरोफोराही तिकडचीच, पन्नास वर्षांपूर्वीची.
"तुमच्या विहिरीचं पाणी गोड की मचूळ?"
एवढंच विचारलं तिने पहिल्या दिवशी,
आणि गाव ओळखलं.

प्रयोगशाळेत दगड भट्टीत जातो.
शंभर अंशांवर कालपरवाचं उतरतं.
दोनशे, तीनशे,
तो नुसता पडून होता त्या काळांनी चढवलेली पुटं
एकेक करून सुटतात.
पाचशेच्या पुढे तो स्वतःचं बोलायला लागतो,
पाचशे ऐंशीला गप्प होतो, कायमचा.
मधल्या तेवढ्या अवधीत
पडद्यावर ठिपके रांग धरतात.
आम्ही उत्तर शोधत होतो.
ते पश्चिमेला होतं.

छत्तीस अंश खाली कललेलं,
म्हणजे जन्म पुष्कळ दक्षिणेला, विसाव्या अक्षांशाच्या आसपास.
आणि पश्चिमेला, म्हणजे
बेटाने कूस बदलली.

"कधी?" मिरोफोरा विचारते, शेंगा सोलत.
ध्रुव उलटत राहतात, त्यावरून तारखा लागतात एरवी,
पण या उशा थिजल्या तेव्हा
जवळजवळ चार कोटी वर्षं सुई उलटलीच नव्हती.
त्या लांब दुपारीत कुठेतरी, इतकंच कळतं.
मग वरच्या चुनखडीला गाठावं लागतं.
तळची बरीच वळलेली,
तिच्यावरची कमी,
चर्चच्या उतारावरची जेमतेम.
मी साचले तेव्हा एवढं वळायचं बाकी होतं,
असं ज्याचा त्याचा थर सांगतो.

मिरोफोरा शेंगा बाजूला ठेवते.
"म्हणजे मी वेडी नव्हे.
या घरात अजून उठते
तेव्हा पाय भिंतीच्या बाजूला सोडते."

मग फडक्यातून खापर काढते.
तिकडच्या अंगणातल्या भट्टीचं.
वाट उघडली त्या वर्षी गेली होती,
भट्टी नव्हती, ढिगारा होता, त्यातून उचललं.
"आत पाव होते माझे, निघालो तेव्हा.
माती विझताना उत्तर धरून ठेवते म्हणता ना?
बघा याला विचारून."

सेविलाय माझ्याकडे बघते. मी खापराकडे.
बाण नाही.
ढिगाऱ्यातून उचललेल्याला
वर कुठलं, खाली कुठलं, काही सांगता येत नाही.
जोर मोजता येईल, म्हणाले मी,
त्या दिवशी पृथ्वी किती जोरात ओढत होती, तेवढं.
त्यासाठी परत तापवावं लागेल,
आणि तापवलं की जुनं पुसलं जाईल.

तिने खापर पाट्यावर ठेवलं,
वरवंट्याच्या एका घावात दोन केलं,
लहान तुकडा आम्हाला.

निघताना मार्कर सापडेना.
दुसऱ्या दिवशी अंड्यांचे पैसे द्यायला गेलो
तर तिच्या नव्या भट्टीच्या तोंडावर
जाड काळा बाण.
सेविलायने सावली धरायला खिशात हात घातला,
मग काढून घेतला.
पाव आत होते.