दहा श्वास

सकाळी सात, संध्याकाळी सात.
एका हातात कालाफातेची मान, दुसऱ्यात नळकांडं,
पुढे रबरी मुखवटा, तान्ह्या बाळांच्या मापाचा,
तिच्या थोबाडावर थोडा सैल.
पंप एकदाच दाबायचा. मग मोजायचं.
एक. दोन. तिसऱ्याला ती अशी बघते
जणू मी तिचं काहीतरी चोरलंय.
सात. आठ.
नववा मुद्दाम लांबवते.
दहा झाले की ट्यूनाचा तुकडा,
आणि भांडण मिटतं, बारा तासांपुरतं.

वय चौदा महिने. रंग त्या काटेरी झुडपाच्या फळासारखा,
निळा म्हणावा तर काळा.
कालाफाते खाल्लं की माणूस परत येतोच,
असं पुंता अरेनासमध्ये म्हणतात.
नाव ठेवताना एवढंच माहीत होतं
की ती बंदरावर दोरखंडाच्या वेटोळ्यात सापडली.
परत येणं तिला श्वासागणिक करावं लागेल,
हे मागाहून कळलं.

आधी वाटलं, केस अडकलाय घशात.
पोट जमिनीला, कोपरं बाहेर, मान लांब,
रिकाम्या बाटलीत वारा शिरावा तसा आवाज.
येर्को हसला, म्हातारा खलाशी खोकतोय म्हणून.
डॉक्टर मारिसेल ओयार्सो हसल्या नाहीत.
त्यांनी उजेडाच्या काचेवर फोटो लावला:
अख्खी छाती माझ्या तळव्याएवढी,
आत पांढऱ्या रेघा, खिडकीवर धरलेल्या हिमासारख्या.
'दमा आहे. जाणार नाही. पण सोबत राहता येतं.'
मी विचारलं, किती वर्षं?
त्या म्हणाल्या, झोपेत तिचे श्वास मोजत जा.
मिनिटाला तिसाच्या आत असले, तर तुम्हीही झोपा.

ज्या गावात वारा रस्ता ओलांडू देत नाही,
चौकात माणसांना धरायला दोर बांधावे लागतात,
तिथे एका मांजरीला हवा पुरत नाही.
यावर दोन दिवस चिडले.
कोणावर, ते ठरेना.

डोन्या रोसाल्बा कुंपणावरून म्हणाली,
या पंपाच्या पैशात कोकराची मांडी येते,
आणि पिल्लं काय, बंदरावर फुकट.
खरं आहे. मांडी येते.

येर्कोने सिगारेट सोडली.
बावीस वर्षं मी सांगत होते:
माझा खोकला, पडद्यांचा वास,
कोळशाच्या खाणीने खाल्लेली त्याच्या बापाची फुप्फुसं.
डॉक्टर एकदाच म्हणाल्या, हिच्यासमोर धूर नको,
आणि भरलेलं पाकीट कचऱ्यात.
मला आनंद झाला. रात्री राग आला.
दुसऱ्या दिवशी, रागातच, सगळे पडदे धुवायला काढले.

बहीण सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनिरला. बोटीने दोन तास.
तिच्या पन्नाशीला गेले नाही.
वाऱ्याने बोटी बंद असत्या तर सांगायला बरं झालं असतं,
पण नेमकं त्या दिवशी पाणी ताटासारखं सपाट.
'मांजरीसाठी?' तिने फोनवर विचारलं.
हो, म्हटलं. मांजरीसाठी.
मग दोघी बराच वेळ काही बोललो नाही,
तिकडे कोणीतरी केक कापत होतं.

जूनमध्ये उजाडायला दहा वाजतात.
तोवर घरात दोनच गोष्टी हलतात,
घड्याळाचा काटा आणि तिची बरगडी.
सव्वीस. अठ्ठावीस.
एकदा चौतीस आले.
जीव मुठीत धरून पुन्हा मोजले, एकतीस,
पुन्हा, एकोणतीस,
चहा गार.
सवय वाईट. एका रात्री चुकून येर्कोचे मोजले.
चौदा.
त्याला सांगितलं नाही.

आज सकाळी पंप सापडेना.
सात वाजून गेले, सव्वासात झाले,
आम्ही दोन पन्नाशीची माणसं फरशीवर पालथी पडून
फ्रिजखाली झाडूचा दांडा फिरवतोय,
आणि ती फ्रिजवर,
शेपटी खाली सोडून,
एकदाही न खोकता,
बघत.