खानझोड्यांचं पिस्तूल

परवाना माझ्या नावावर व्हायला सात महिने लागले.
पिस्तूल हातात आलं तेव्हा मे महिना,
वाडीच्या रेंजवर पत्रा तापून टणटण वाजत होता
आणि कूलर नुसता आवाजापुरता.

पहिल्या पाच गोळ्यांत तीनदा अडकलं.
स्लाइड पुढे येते, येते,
आणि दोन मिलिमीटर आधी थांबते,
दार लावता लावता कोणाला काही आठवावं तशी.

मी अंगठ्याने ढकलायला गेले.
"नाही," बारापात्रे काका म्हणाले.
"जे जात नाही त्याले ढकलू नको.
आधी पाह्य, कोन अडवून राह्यलं."

काका गोळीबार चौकाजवळ राहतात.
त्यावरचा विनोद सगळ्यांचा करून झालाय.
घरचा हातमाग विकला तेव्हा ते चौदा वर्षांचे,
नंतर आयुध कारखान्यात तेहतीस वर्षं, गेज आणि भिंग.
स्लाइडला अजून धोटा म्हणतात.
"धोटा मागं गेला तसा पुढंही पुरा आला पायजे.
आन एका वेळी एकच गोष्ट बदल.
दोन बदलल्या, तर कशानं सुधरलं
हे जल्मात समजत नाही."

म्हणून वहीत तीन रकाने.
कारखान्याच्या नव्या गोळ्या : दहात दोनदा अडकलं.
क्लबात पुन्हा भरलेल्या : दहात सहादा.
खानझोड्यांनी स्वतः भरलेल्या,
बिस्किटांच्या डब्यातल्या,
काकूंनी "ह्याही न्या, घरात नकोत" म्हणून दिलेल्या :
दहात एकदाही नाही.

रिकामी काडतुसंही वेगळी पडत होती.
आमची उडून तिसऱ्या लेनमधल्या पोराच्या डोक्यावर,
त्यांची माझ्या चपलेशेजारी, एकावर एक,
शेंगा सोलत बसल्यासारखी.

काकांनी नळी काढून उभी धरली, वरून गोळी सोडली.
खानझोड्यांची : टक्. उलटी केली की खाली.
आमची अर्ध्यात रुतून बसली,
लहान झालेल्या सदऱ्यात पोराचं डोकं अडकावं तशी.
"तुमची काडतुसं जराशी फुगेल.
आन ही स्प्रिंग पाह्य, किती नरम.
मनगट गेलं होतं त्याचं. दारू कमी भरे,
स्प्रिंगही तशीच लावली.
पिस्तूल बिघडलं नाही बाई,
त्याच्या हाताले शिकलं."

मला ते आवडलं. इतकं, की मी उरलेल्या गोळ्यांतली
अकरावी चालवली, उगाच, त्यांच्यासाठी.

फुस्स.
ना धक्का, ना धूर, पुढच्या कागदावर काही नाही.
डावा हात सवयीने स्लाइडकडे गेला
आणि काकांनी मनगट असं पकडलं
की दोन दिवस वळ होता.
"ठेव खाली. तोंड तिकडंच राहू दे."

नळीत शीग घातली. चार बोटं आत, शिसं.
पुढची गोळी मागून आली असती
तर ही कविता लिहायला
बोटं किती उरली असती, माहीत नाही.

डब्यातल्या सत्तावीस काट्यावर तोलल्या.
चार हलक्या निघाल्या. दारू भरायची राहून गेलेली.
त्यांच्या वहीत मोत्यासारखं अक्षर, फेब्रुवारीपर्यंत.
मग एकच तारीख तीन ओळींवर,
मग एका पानावर फक्त "भरल्या", "भरल्या", "भरल्या का?"

काका बराच वेळ भिंग पुसत बसले.
"मलेही त्यानं दोनदा नाव विचारलं होतं.
मले वाटलं, मस्करी करून राह्यला."

नवी स्प्रिंग लागली. आमची काडतुसं
आता साच्यातून पुरती दाबून निघतात.
पन्नासात एकदाही नाही अडकलं, आणि तरी
प्रत्येक आवाजानंतर मी क्षणभर थांबते,
तो पुरेसा मोठा होता का, ऐकत.

रविवारी काकूंचा धंतोलीहून फोन आला.
"चालतंय ना गं? ह्यांनी फार जपलं होतं."
चालतंय, म्हटलं. स्प्रिंग तेवढी बदलली.
"आणि त्या गोळ्या?"

संपल्या, म्हटलं.