उघड्यावर

बोर्गहिल्डची आई मासे उलटायची.
क्रिस्तियानसुंदच्या कातळांवर कॉड,
पोट चिरून, मीठ चोळून, वाऱ्याच्या हवाली केलेला.
ढग दिसला की पोरींसकट धावायचं,
रचायचं, वर झाकण, झाकणावर दगड.
ऊन आलं की पुन्हा मांडायचं, एकेक.
"परके खलाशी विचारायचे," बोर्गहिल्ड सांगते,
"एवढं उघड्यावर पडलंय, कुणाचंच नाही का हे?
आई म्हणायची, पडलेलं नाही रे. मांडलेलं आहे."

याहून नेमकी व्याख्या
मला अजून कुठल्याही परिषदेत मिळालेली नाही.

तिचा प्रोग्रॅम भरतीची वेळ काढतो.
चंद्र कुठे, सूर्य कुठे, धक्क्याला पाणी किती.
एकाहत्तर साली डेल्फ्टहून टपालानं टेप आली,
ताटाएवढी, आत एक चिठ्ठी:
चुकलं असेल तर दुरुस्त करा,
केलंत तर मलाही पाठवा.
तेव्हा याला नाव नव्हतं.
शेजारणीकडून विरजण आणावं, तितकंच ते.
विरजण दिल्यानं कुणाचं दही कमी होत नाही.

मग त्र्याऐंशीत नवं मशीन आलं,
तोंड शिवलेलं.
त्यात भरती चाळीस मिनिटं उशिरा यायची.
कंपनीला लिहिलं. कंपनीनं माहितीपत्रक पाठवलं.
समुद्राला माहितीपत्रक वाचता येत नाही.
दोन हिवाळे, मुलं झोपल्यावर,
तिनं सगळं पहिल्यापासून लिहून काढलं,
आणि माथ्यावर अकरा ओळी, ज्यांचा अर्थ असा:
घ्या, उघडा, बदला, वाटा.
ज्याला द्याल त्यालाही हीच मोकळीक द्या.
बुडालात तर माझ्या दारी येऊ नका.

लोक याला फुकट म्हणतात.
तिच्या भाषेत मोकळ्याला एक शब्द आहे, फुकटाला दुसरा.
इंग्रजीनं दोघांना एकाच कोटात कोंबलं,
तेव्हापासून दोघंही अवघडलेत.

म्हणतात, हौशी पोरांचा खेळ.
असेल. तेलाची जहाजं त्या खेळाला विचारून
बंदरात शिरतात.

म्हणतात, हजार डोळे बघतात, चूक राहीलच कशी?
पाचामुखी परमेश्वर, मान्य.
पण चंद्राची एक चाल
साडेअठरा वर्षांनी फिरून जागेवर येते,
आणि नेमक्या त्या ओळीत
अधिकच्या जागी उणे होतं.
वर्षानुवर्षं. चार बोटं पाण्याचा फरक.
हजारातल्या प्रत्येकाला वाटलं,
दुसऱ्यानं पाहिलं असेल.
(कुलूप असतं तरी चूक असतीच,
फक्त आम्ही कुलपाशी भांडत बसलो असतो.)

म्हणतात, कुणीही येतो, काहीही बदलतो.
माझी पहिली दुरुस्ती एका अक्षराची होती,
एका बंदराच्या नावातलं.
तिनं तीन प्रश्न विचारले
आणि सतराव्या दिवशी घेतली.

परवा रात्री दोनला एका मोठ्या कंपनीचं पत्र:
आमचं तातडीचं काम खोळंबलंय,
आपण कधीपर्यंत...
आयत्या बिळावर नागोबा,
आणि वर बिळात ओल आहे म्हणून तक्रार.
बोर्गहिल्डनं चष्मा पुसला. सकाळी तिची बोटं
हल्ली वळत नाहीत, तिनं मला सांगितलं ते मी टाइप केलं:
बीळ आवडलं, आनंद आहे.
फावडं दाराशीच ठेवलंय.

त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग पावाच्या कागदी पिशवीवर
पासवर्ड लिहून दिला, थरथरत्या अक्षरात,
आणि म्हणाली, सात आहे तो, एक नाही.
एवढंच. समारंभ नाही.

आज ती खिडकीशी. समुद्रावर काळं काहीतरी
जमतंय की नुसता भास, तिलाच ठाऊक.
कातळ रिकामे. तिथं आता पर्यटक फोटो काढतात.
माझ्यासमोर त्रेचाळीस निरोप,
सगळ्यात खाली वालपराइसोची कुणी मुलगी:
माफ करा, अगदी किरकोळ आहे,
पण इथं एक स्वल्पविराम राहिलाय.

मी खुर्ची पुढे ओढतो,
तिला विचारायचे तीन प्रश्न
लिहायला घेतो.