निळ्या मोजताना

शंभरात अडतीस निळ्या.
लोट्याच्या एमआयडीसीत, रात्री साडेदहाला,
सूक्ष्मदर्शकाखाली मी एकेक मोजते.
जिवंत पेशी हा रंग दारातूनच परत पाठवते;
जिचा पापुद्रा फाटला, तीच त्याला आत घेते.
अडतीस जणींनी घेतला.
कुणा पोराच्या न थांबणाऱ्या रक्तासाठी
औषध विणायला बसल्या होत्या त्या.
विष नाही, रोग नाही. मीच मारल्या.
मिनिटाला दोनशे फेरे, सहा सपाट पाती,
खाली माझी सही.

ढवळणं मी शिकले होते
रंगाच्या, तेलाच्या, चुन्याच्या टाक्यांवर.
जोर लावा, मिसळतं.
चुना ओरडत नाही.

रविवारी दाभोळला गेले, जेटीमागे,
अब्बास पावसकरांच्या पत्र्याखाली.
बोटींचे पंखे दुरुस्त करतात ते,
पितळेवर अंगठा फिरवून सांगतात
पाणी कुठं अडलं, कुठं फेसाळलं.
माझं पातं त्यांनी उलटंसुलटं केलं.
"बाय, हा तर पान्याला थपडा मारतोय."
मग खाडीच्या तोंडाकडं हनुवटी केली.
बाहेरून लांब लाट येत होती.
नांगरलेली होडी तिच्यावर चढली, उतरली,
आत जाळं शिवणाऱ्या पोराचा टाका चुकला नाही.
खडकापाशी मात्र आखूड लाटा, एकमेकींच्या अंगावर.
"तिथं नेलीस तर फळी फळी सुटेल. पानी तेच.
लाट होडीहून मोठी असली तर उचलते.
बारकी असली तर खाते."
एवढंच. चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

धोपाव्याच्या फेरीबोटीत
तिकिटाच्या पाठीवर हिशेब केला.
पेशी: पंधरा मायक्रॉन.
माझ्या पात्यामागचा सगळ्यात लहान भोवरा: बारा.

मग कोन. पंचेचाळीस, चाळीस, तेहेतीस.
सहाची तीन पाती, रुंद, अळूच्या पानासारखी.
पाणी कापायचं नाही,
खाली नेऊन सोडायचं, तळाशी वळू द्यायचं,
कडेनं आपलं आपण वर येतं.
फार हळू फिरवलं तर तळाच्या कोपऱ्यात
पेशींचा थर बसतो, त्यांच्यापर्यंत हवा पोचत नाही.
लाडानंही मरतात.
बावीस निळ्या. मग एकदम एकतीस:
वेल्डिंगची एक कड राहिली होती, नखाएवढी.
घासली. अकरा.

गुरुवारी लाइन गेली.
जनरेटरच्या डिझेलात पाणी निघालं.
जुन्या पात्यावर बॅटरी पंचवीस मिनिटं टिकायची,
तेवढ्यात निवास घागचा
सगळ्या ग्रामदेवतांना नवस बोलून व्हायचा.
आज तो घड्याळाकडं बघत बसला.
पंचवीस. पन्नास. पावणेदोन तास.
"मॅडम, हे फिरतंय की नुसतं दिसतंय?"
काचेला कान लावला. काहीच नाही.
टॉर्चच्या उजेडात एक बुडबुडा
खाली जाताना दिसला. बुडबुडा, आणि खाली!
तळाशी रेंगाळला,
मग कडेनं, कसलीही घाई नसल्यासारखा, वर.
निवासनं टॉर्च विझवली. "बॅटरी वाचवू," म्हणाला,
आणि अंधारात आम्ही दोघं
न येणारा आवाज ऐकत राहिलो.

तीनला लाइट आली.
उजाडल्यावर नमुना काढला.
शंभरात सात.
दोनदा मोजल्या. सातच.

दाभोळला फोन लावला.
पलीकडे कानस घासल्याचा आवाज, मग थांबला.
"सात?" पावसकर म्हणाले. "त्या सात कुठं सापडल्या,
पात्याच्या मुळाशी की टोकाशी?"

ते मी पाहिलं नव्हतं.
ड्रॉइंग पुन्हा उलगडलं,
तेहेतीसवर रेघ मारली,
आणि पेन्सिल हातात धरून बसले.