जलशूर

शालिमारला, जुन्या पुस्तकांच्या गाड्यापाशी
स्कूटरला टेकून वाद:
सगळ्यांत फालतू हिरो कोण?

गायधनी म्हणाला, चुंबकराव.
सदतीस अंक निघाले, ओढले काय तर चमचे,
आणि एकदा स्वतःच्याच दाराची कडी.

अश्रफला झंझावात खुपतो.
"उडतो, मान्य.
उतरतो मात्र कुणाच्या तरी पत्र्यावर.
तो पत्रा कोण बदलून देतं?"
अश्रफचं पत्र्यांचंच दुकान आहे, वडाळा नाक्याला.

मोहिनी निमसेचा राग सरसकट:
शेवटच्या पानावर भाषण ठोकणारे सगळेच.

मग माझ्याकडे वळले.
मी म्हटलं, जलशूर.
"हॅ, त्याला कोण मोजतं!"

त्या साली गोदेचं पाणी
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलं होतं.
तिसऱ्या दिवशी खाटेखालचं खोकं ओढलं, ते फुगलेलं.
नद्या मुठीत धरणारा हा बहाद्दर
तळाला, पानाला पान चिकटून,
त्याच्या झग्याचा निळा रंग
आठवडाभर माझ्या नखांत.

हे काही मी बोललो नाही.
चहा आला, कट.

गाडेवाला मान वर न करता म्हणाला,
जलशूरचा बारावा आलाय. कव्हर नाही.
चाळीस.

मी वीसला मागितला.